एसर नायट्रो ५ : चार वर्षं वापरून, खालचं झाकण उघडून लिहिलेला रिव्ह्यू

२०२१ च्या दिवाळीत घेतलेला लॅपटॉप आहे, मॉडेल एएन५१५-५७, आय५ ११४००एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० चं ४ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी (फाइली साठवायची ड्राइव्ह). घेताना मी पण सगळ्यांसारखं फक्त ग्राफिक्स कार्ड बघितलं. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली (डाग देऊन पक्की बसवलेली) आहे की सुटी, हे दुकानात विचारायचं डोक्यातच आलं नाही, नशिबाने सुटी निघाली. कुठल्या गेमला किती एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) मिळतात याचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने पडलेत ते तिकडे बघा, मी याच्या पोटात काय आहे आणि आपल्यासारख्या साध्या माणसाला ते जमतं का एवढंच सांगतो.

तर जमतं. खाली दहा-अकरा साधे फिलिप्स (अधिकच्या खुणेचे) स्क्रू आहेत, ते काढले की जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवून कडेकडेने फिरवायचं, क्लिपा टकाटक सुटतात (पहिल्यांदा तो आवाज ऐकून वाटतं संपलं, मोडला, पण तो तसाच येतो). आई मागून म्हणालीच, मिक्सर पण असाच उघडला होतास, तो अजून पोत्यात आहे. आत रॅमचे दोन स्लॉट, पट्टीसारख्या एसएसडीचे दोन स्लॉट (त्यांना एम.२ म्हणतात) आणि वर अडीच इंची ड्राइव्हला वेगळी जागा. या किमतीत एवढी मोकळी जागा बघून खरंच बरं वाटलं.

सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. हे न करता थेट रॅमला हात घालणारे महाभाग मी बघितलेत.

रॅम आधी वाढवली. मूळची ८ ची एकच पट्टी होती म्हणजे सिंगल चॅनल, प्रोसेसरला रॅमशी बोलायला एकच वाट, त्यामुळे व्हॅलोरंट या गेममध्ये एफपीएसचा आकडा चांगला दिसायचा पण चार जण एकदम समोर आले की गेम अडखळायचा. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून त्याच प्रकारची आणि वेगाची (डीडीआर४ ३२००) अजून एक ८ ची पट्टी आणली. पट्टी तिरकी घालायची आणि खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा लागल्या की झालं. पण झाकण लावून चालू केला तर स्क्रीन काळी ती काळीच, फॅन फिरतोय, दुसरं काही नाही, पोटात गोळा आला. नवी रॅम ओळखायला मशीन पहिल्यांदा वेळ घेतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मिनिटभराने लोगो आला. गेम अडखळायचा तो त्या दिवसापासून थांबला. आता रॅमचे भाव जे चढलेत ते बघता तेव्हाच घेतली ते बरं झालं.

तिसऱ्या वर्षी फॅनचा आवाज इतका वाढला की रात्री खेळताना बाबा हॉलमधून ओरडायचे. तेव्हा मी आळस केला आणि जवळच्या एका रिपेअरवाल्याकडे दिला, नाव नाही लिहीत. "इंटर्नल सर्व्हिसिंग, पेस्ट चेंज" असं बिलावर लिहून १२०० रुपये घेतले (पेस्ट म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाकडे, नेणारा लेप). महिनाभरात प्रोसेसर परत ९५ डिग्रीवर. शेवटी स्वतःच उघडला, तर हीटसिंकच्या जाळीवर फॅनच्या आतल्या बाजूने धुळीची अख्खी गादी बसलेली, चिमटीत धरून ओढली तर कापसाच्या वातीसारखी एका तुकड्यात निघाली. साहेबांनी बाहेरून ब्लोअर मारला होता फक्त. हीटसिंक उचलला तर पेस्ट जुनीच, वाळून राखाडी खपली झालेली. आणि एक लांब स्क्रू छोट्या स्क्रूच्या भोकात पिळून बसवलेला. म्हणून मी आता कागदावर लॅपटॉपचं चित्र काढतो आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी त्या कागदात खोचून ठेवतो.

पेस्ट एमएक्स-४ नावाची वापरली, जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉफी फिल्टरने पुसून. हीटसिंकचे स्क्रू नंबराप्रमाणे थोडे थोडे सैल करायचे आणि लावताना पण तसेच. ग्राफिक्स मेमरीच्या चिपांवरच्या निळसर, उष्णता नेणाऱ्या पॅडना हात लावू नका, फाटले तर त्याच जाडीचे शोधत बसावं लागेल. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरायचं, भन्नाट फिरू दिलं तर बेअरिंग जातं. एवढं करून तोच गेम, तीच खोली, प्रोसेसर ८३-८४ वर. पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) लावा म्हणणाऱ्या मित्रांचं ऐकलं नाही, ते वीज वाहून नेतं, एक थेंब ओघळून बोर्डावर गेला की लॅपटॉपला हार घालायचा.

बाकी देखभाल म्हणजे बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग एसरच्या केअर सेंटर नावाच्या ॲपमध्ये आहे ती चालू ठेवलीय कारण कायम प्लगलाच असतो. आणि गादीवर ठेवून खेळणं बंद, हवा खालून आत जाते.

ज्यांना ८ जीबीवाला स्वस्तात मिळतोय त्यांनी तो घेऊन पुढे वाढवला तरी चालेल. माझ्यावाल्याला त्या लांब स्क्रूने डावीकडे पाम रेस्टला आतून फुगवटा आणलाय, स्क्रू बदलला तरी तो काही बसला नाही, डब्ल्यू-ए-एस-डी वर (गेममध्ये चालायची बटणं) बोटं ठेवली की बरोबर मनगटाखाली येतो.