हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल: .२४३, ६.५ क्रीडमोर, .३०८ की थर्टी-थर्टी?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाच्या शिकारीचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत मात्र ती परवान्याने, ठरलेल्या हंगामात, मोजूनमापून होते. रायफल आणि काडतुसांच्या विक्रीवरचा ११ टक्के कर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. पूर्वेकडच्या जंगलांतून हरणांना खाणारे लांडगे आणि कूगर (पहाडी सिंह) कधीच संपले. हरणांची संख्या वाढली की ती कोवळी रोपं वर येऊच देत नाहीत. इथे स्थायिक झालेली काही मराठी कुटुंबं आता शिकारीकडे वळू लागली आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो: कॅलिबर (नळीचं माप आणि त्यात बसणारं काडतूस) कुठलं घ्यायचं?

त्याआधी राज्य बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. न्यू जर्सीत आपली वस्ती मोठी, पण तिथे हरणावर रायफल चालतच नाही. शॉटगन, मझललोडर (तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) नाहीतर धनुष्य. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात तर रायफल चालते, पण फिलाडेल्फियाला लागून असलेल्या बक्स, माँटगोमेरी, चेस्टर या दाट वस्तीच्या काउंटींत नाही. तिथून वर पोकोनोच्या डोंगरांकडे किंवा आणखी उत्तरेला जावं लागतं. शिवाय पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, म्हणजे दर बारानंतर हाताने पुढचं काडतूस चढवायची बोल्ट, लिव्हर किंवा पंप रायफल. ओहायोत बाटलीसारख्या मानेचं काडतूसच चालत नाही, सरळ भिंतीचं लागतं. तिथल्या माणसाने खालची तुलना बाजूला ठेवून २०१९ साली आलेल्या .३५० लेजंडकडे बघावं. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर लागतं. नियम बदलत राहतात, तेव्हा चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचा. आणि एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर त्यातून सूट मिळते, पण वकिलाला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

इथून पुढे मी उत्तर पेनसिल्व्हेनियाचं जंगल डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. पांढऱ्या शेपटीचं हरीण, मचाण किंवा झाडाचा आडोसा, आणि बहुतेक बार १०० यार्डांच्या आतले.

पहिल्या रायफलीत सगळ्यात आधी बघायचा तो धक्का, म्हणजे बार होताना रायफल खांद्याला मागे देते तो. ताकद नंतर. साडेसात पाउंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का साधारण ९ फूट-पाउंड (हे ऊर्जेचं माप), थर्टी-थर्टीचा ११ च्या आसपास, ६.५ क्रीडमोरचा १२-१३, .३०८ चा १६-१७ आणि .३०-०६ चा २० च्या घरात. दुकानात हे आकडे किरकोळ वाटतात. रेंजवर पंधराव्या गोळीला खांदा बोलायला लागतो आणि त्याच्याही आधी डोळा. शिकवणारी जाणती मंडळी नवख्याच्या नकळत मॅगझिनमध्ये मधेच एक डमी काडतूस भरतात. चाप ओढला, बार झालाच नाही, पण नळीचं तोंड मात्र चांगलं दोन बोटं खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं. धक्का यायच्या आधीच अंग आक्रसलं, डोळे मिटले आणि चाप ओढण्याऐवजी झटकला गेला. लक्ष्याच्या कागदावर ती चूक चार इंचांची असते. हरणावर तेच चार इंच म्हणजे फुफ्फुसाऐवजी पोट. पोटात गोळी लागलेलं जनावर तासन्‌तास तडफडतं, आणि रक्ताचा माग मिळाला नाही तर कुठेतरी झुडपात जाऊन मरतं. कॅलिबर निवडताना मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

.२४३ विंचेस्टर १९५५ साली आलं, .३०८ च्याच नळकांड्याची मान आवळून. १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,९६० फूट वेगाने निघते. धक्का कमी आणि मार्ग सपाट, त्यामुळे सडपातळ बांध्याच्या माणसाला आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना हे फार लवकर जमतं. काही जुने शिकारी याला कमी लेखतात, ते मला पटत नाही. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा. तिथे आडव्या उभ्या हरणाला ही गोळी लागली की काम होतं. अडचण येते ती हरीण तिरकं, छाती आपल्याकडे करून उभं असताना. खांद्याचं हाड फोडून आत जायला हलकी गोळी कमी पडू शकते. अशा वेळी थांबायचं, ते वळेपर्यंत बार काढायचा नाही. हा संयम ज्याच्याकडे आहे त्याने .२४३ बेलाशक घ्यावं. मात्र याच कॅलिबरमध्ये ५५-५८ ग्रेनच्या गोळ्याही मिळतात, त्या कोल्ह्या-घुशींसाठी. हरणाच्या अंगावर त्या वरच्यावर फुटतात. खोक्यावरचं वजन वाचूनच घ्या, ९५ ते १०० ग्रेन.

.३०८ विंचेस्टर १९५२ चं. १५० ग्रेनची गोळी, वेग २,८२० फूट, नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे २,६५० फूट-पाउंड. .२४३ ची १,९५० च्या आसपास असते, त्यावरून फरक कळेल. हाड आड आलं तरी भागतं. पुढेमागे काळं अस्वल किंवा कोलोरॅडोतला एल्क (थोराड जातीचं हरीण) मनात असेल तर दुसरी रायफल घ्यावी लागत नाही. लष्करी ७.६२ नाटोचं हे सख्खं भावंड असल्यामुळे सरावाची काडतुसं मुबलक. पण हलक्या, सहा पाउंडांच्या रायफलीत .३०८ नवख्याला घाबरवतं. दिवसभर डोंगर चढायचा म्हणून लोक हलकी रायफल घेतात आणि मग सराव टाळतात. हे कॅलिबर घ्यायचं तर दुर्बिणीसकट आठ पाउंड भरेल अशी रायफल घ्या.

६.५ क्रीडमोर हॉर्नडी या काडतुसांच्या कंपनीने २००७ साली काढलं, ते मुळात लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी. लांबट, सडसडीत १४३ ग्रेनची गोळी २,७०० फुटांनी निघते आणि हवेत वेग टिकवून धरते. २०० यार्डांवर नेम बसवला तर ३०० यार्डांवर ती आठेक इंच खाली येते. .३०८ त्याहून थोडंच जास्त पडतं. मग पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात, जिथे शंभर यार्डांपलीकडे झाडंच आडवी येतात, तिथे या गुणाचा उपयोग काय? फारसा नाही, स्पष्टच सांगतो. उपयोग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. धक्का .३०८ पेक्षा बराच कमी, आणि तरी गोळी खोल जाते. .२४३ ला जिथे थांबावं लागतं तिथे ही थोडी जास्त मोकळीक देते. काडतुसं आता कुठल्याही छोट्या गावातल्या दुकानात असतात.

थर्टी-थर्टी १८९५ चं, विंचेस्टरच्या मॉडेल १८९४ या लिव्हर रायफलीसाठी आलेलं. पूर्वेच्या जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या हरणं याच रायफलीने मारली गेली. हातात घेतली की सुटसुटीत वाटते, झुडपातून नेताना अडकत नाही. मलाही ती फार आवडते. पण पहिली म्हणून मी सुचवणार नाही. १०० यार्डांवर नेम बसवला तर २०० वर गोळी साधारण आठ इंच खाली जाते, म्हणजे अंतराचा अंदाज चुकला की हरीण जखमी. जुन्या विंचेस्टरमध्ये रिकामं काडतूस वरून बाहेर पडतं, त्यामुळे दुर्बीण नीट बसवता येत नाही. आणि काडतुसं नळीच्या खालच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक राहतात, एकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (बुडातल्या, ठोका बसला की पेटणाऱ्या टोपीला) टेकलेलं. म्हणून टोकदार धातूची गोळी तिथे चालत नाही, चपट्या नाकाची किंवा खास मऊ टोकाचीच लागते.

.२७० (१९२५) आणि .३०-०६ (१९०६) उत्तमच आहेत. घरात वडिलांची किंवा सासऱ्यांची असेल तर आनंदाने वापरा. नवी विकत घ्यायची तर हरणासाठी एवढ्या धक्क्याची गरज नाही. ७ एमएम-०८ चा धक्का ६.५ च्याच तोडीचा आणि हरणासाठी कदाचित सगळ्यांत गुणी, पण लहान दुकानांत काडतुसं सहज मिळत नाहीत.

एक गोष्ट आपल्या घरांत विचारली जातेच: हे मटण मुलांना द्यायचं का? शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब जातात, डोळ्यांना दिसतही नाहीत. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, किंवा सरळ तांब्याची गोळी वापरा. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांब्याच्या गोळ्या या चारही कॅलिबरांत मिळतात, .२४३ मध्ये ८०-८५ ग्रेनच्या. वजन कमी असलं तरी त्या फुटून विखुरत नाहीत, म्हणून आत खोल जातात. महाग असतात, पण हंगामात लागतात किती? नेम बसवायला डझनभर आणि हरणासाठी एक.

तेव्हा माझा कौल असा. मध्यम बांध्याच्या प्रौढ माणसाने, फक्त हरणासाठी, ६.५ क्रीडमोर घ्यावी. एकच रायफल घरात दोघं-तिघं वापरणार असतील आणि त्यात मूल असेल तर .२४३. एल्कचं वेड आधीच लागलं असेल किंवा वर्षभर भरपूर सराव करायचा असेल तर .३०८. ठरत नसेल तर ओळखीतल्या शिकाऱ्याबरोबर रेंजवर जा आणि प्रत्येकातून दहा-दहा गोळ्या झाडून बघा. रेंजच्या बाकावर रायफल टेकवून नाही, तर मचाणावर बसता तसं, टेकण न घेता, हंगामातलं जाड जॅकेट घालून. दहाव्या गोळीलाही ज्या रायफलीवर चाप शांतपणे ओढला जातो ती तुमची. घेतल्यावर नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव दर वेळी जुळवून बघा, आणि दुर्बिणीवर थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या. नोव्हेंबरच्या संध्याकाळी साडेचारनंतर जंगलात उजेड झपाट्याने कमी होतो, आणि हरणं नेमकी तेव्हाच बाहेर पडतात.