शहरातील उष्णता आणि ओलाव्याचा हिशेब: एसएलयूसीएम, बीईपी-बीईएम की स्यूज?

पुण्यातील वाढत्या तापमानाचा अभ्यास प्रबंधासाठी करायचा असो की महापालिकेच्या उष्णता कृती आराखड्यासाठी, शहराचा पृष्ठभाग आणि वातावरण यांच्यातील देवाणघेवाण कोणत्या मॉडेलने काढायची हे सुरुवातीलाच ठरवावे लागते, कारण पुढे कोणती माहिती जमवायची हे त्यावरच अवलंबून असते. येथे तीन पर्याय समोर ठेवले आहेत. कुसाका आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडलेले एकस्तरीय, म्हणजे इमारतींमधली हवा एकच थर मानणारे एसएलयूसीएम हा पहिला. मार्टिली यांचे 2002 मधील बहुस्तरीय बीईपी आणि त्याला 2010 मध्ये सलामांका यांनी जोडलेला इमारतींतील ऊर्जेचा भाग, म्हणजे बीईएम, हा दुसरा. यार्वी, ग्रिमंड आणि क्रिस्टेन यांचे 2011 मधील स्यूज हा तिसरा. पहिले दोन साधारणपणे डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलच्या आत चालवले जातात. स्यूज मात्र हवामान केंद्रावर नोंदवलेल्या आकड्यांवर स्वतंत्रपणे चालवता येते.

तिघांचाही जमाखर्च एकच आहे. निव्वळ प्रारण, म्हणजे पृष्ठभागावर येणाऱ्या आणि तिथून परत जाणाऱ्या किरणांतील ऊर्जेचा फरक, आणि माणसाने निर्माण केलेली उष्णता ही जमा. हवेला थेट तापवणारी संवेद्य उष्मा, बाष्पीभवनात जाणारी अप्रकट उष्मा आणि भिंती-रस्त्यांत साठणारी उष्णता हा खर्च. फरक आहे तो प्रत्येक रक्कम काढण्याच्या पद्धतीत.

एसएलयूसीएम शहराकडे दोन बाजूंना इमारती असलेली एक प्रातिनिधिक गल्ली म्हणून पाहते आणि छत, भिंत व रस्ता यांचे तापमान वेगवेगळे काढते. मे महिन्यात रात्री नऊला कसबा पेठेतील एखाद्या बोळात भिंतीवर हात ठेवला, तर दिवसभर मुरलेली उष्णता तळहाताला स्पष्ट जाणवते. ही साठवण आणि अरुंद गल्लीत अडकलेले प्रारण हे मॉडेल पुरेसे चांगले पकडते. संगणकावरचा भारही कमी असतो. मात्र शहराचे गुणधर्म दिलेल्या त्याच्या मूळ तक्त्यातील आकडे जसेच्या तसे वापरणे ही मोठी चूक ठरते. त्या तक्त्यात विरळ वस्ती, दाट वस्ती आणि व्यापारी भाग अशा तीनच वर्गांसाठी इमारतींची उंची अनुक्रमे 5, 7.5 आणि 10 मीटर धरलेली आहे. कोथरूडमधील चार-पाच मजली सोसायट्याही यात बसत नाहीत, मग बाणेरमधील उंच इमारतींचे काय सांगावे?

बीईपीमध्ये इमारती हवेच्या अनेक थरांत शिरतात, वाऱ्याला अडवतात आणि वेगवेगळ्या उंचीवर उष्णता सोडतात. बीईएम जोडले की घरातील तापमान, वातानुकूलन यंत्रांचा वीजवापर आणि त्यांनी बाहेर फेकलेली उष्णताही हिशेबात येते. त्यासाठी जमिनीलगत बारीक थर घ्यावे लागतात, सीमास्तराचा, म्हणजे जमिनीलगतच्या हवेच्या घुसळणीचा हिशेब करण्याच्या मोजक्याच पद्धती त्याच्याबरोबर चालतात आणि उंचीनिहाय इमारतींचे वितरण, भिंतींचे साहित्य, खिडक्यांचे प्रमाण अशी माहिती लागते. ती अंदाजाने भरली, तर मॉडेल सूक्ष्म दिसते, पण उत्तर अंदाजाचेच राहते.

निवडीचा खरा कस ओलाव्यावर लागतो, आणि नेमके तिथेच दुर्लक्ष होते. एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर, म्हणजे एक लिटर पाणी उडून जायला सुमारे 2.45 मेगाज्यूल ऊर्जा लागते. चोवीस तासांवर पसरली तर ती सरासरी 28 वॅट होते. एसएलयूसीएमच्या तक्त्यात विरळ वस्तीतील मानवनिर्मित उष्णता दर चौरस मीटरला 20 वॅट धरलेली आहे, म्हणजे एका मिलिमीटरची चूक त्या सगळ्या आकड्यापेक्षा मोठी ठरते. डब्ल्यूआरएफच्या नेहमीच्या मांडणीत हिरवा भाग आणि बांधकाम यांचा हिशेब वेगवेगळा होतो आणि शेवटी क्षेत्रफळानुसार सरासरी काढली जाते; रस्त्यावर झुकलेला वड त्या रस्त्यावर सावली टाकतच नाही. गच्चीवरील बागेचे आणि झाडांना पाणी देण्याचे पर्याय नंतर आले आहेत, पण ते मुद्दाम चालू करावे लागतात.

स्यूज इथे उजवे ठरते. ते जमिनीचे सात प्रकार करते: फरसबंदी, इमारती, सदाहरित झाडे, पानगळीची झाडे, गवत, उघडी माती आणि पाणी. प्रत्येक प्रकारावरील पाऊस, निचरा, मातीतील ओल आणि बागेला दिलेले पाणी यांचा ताळेबंद ते क्रमाने ठेवते. वारा, तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, पाऊस आणि येणारे सौर प्रारण एवढी नोंद त्याला पुरते. त्याच्या मर्यादाही लपवण्यासारख्या नाहीत. साठवलेली उष्णता ते अनुभवसिद्ध गुणांकांवरून काढते, पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाचे गुणांक इतरत्र बेतलेले आहेत, आणि स्वतंत्रपणे चालवले असता शहर वरच्या हवेवर काय परिणाम करते हे ते सांगू शकत नाही.

ग्रिमंड यांच्या पुढाकाराने 2010 आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तुलनेत तीसहून अधिक मॉडेल तपासली गेली. निव्वळ प्रारण बहुतेकांना चांगले साधले, अप्रकट उष्मेत मात्र सर्वांत जास्त अडचण आली, वनस्पती वगळणारी मॉडेल मागे पडली आणि साधी मॉडेल गुंतागुंतीच्या मॉडेलांपेक्षा सरसकट कमी ठरली नाहीत.

म्हणून माझे मत असे आहे की झाडे, उद्याने किंवा पाणी यांबाबत प्रभागनिहाय निर्णय घ्यायचा असेल तर स्यूज घ्यावे. संपूर्ण शहराचे तापमान, वारा आणि पाऊस हवा असेल तर तक्ता स्थानिक मोजमापांनी दुरुस्त करून एसएलयूसीएम वापरावे. वातानुकूलनाचा भार किंवा उंच इमारतींचा परिणाम हाच मुख्य प्रश्न असेल, आणि इमारतींची माहिती खरोखर हातात असेल, तरच बीईपी-बीईएमकडे वळावे. पक्के ठरवण्यापूर्वी निवडलेले मॉडेल मेमधील कोरड्या पंधरवड्यासाठी आणि पावसाळा सरतानाच्या पंधरवड्यासाठी चालवून पाहावे. दोन्हींतील अप्रकट उष्मा जवळपास सारखीच आली, तर त्या मांडणीत पुण्याचा पावसाळा उतरलेलाच नाही आणि ओलाव्याची बाजू आधी दुरुस्त करावी लागेल.