कुलरच्या गळक्या टाकीला एम-सील: कुठे टिकतं, कुठे पैसे वाया जातात

होळी झाली की गावोगावी कुलर माळ्यावरून खाली उतरतात. टाकी भरली की दुसऱ्या दिवशी स्टँडखाली ओल दिसते आणि हार्डवेअरच्या दुकानातून एम-सीलचं, म्हणजे दोन कांड्या एकत्र मळून लावायच्या एपॉक्सी लांबीचं, पाकीट येतं. पत्र्याच्या टाकीतलं छोटं भोक बुजवायला इतकं स्वस्त आणि पक्कं दुसरं काही नाही. तरीही पंधरा दिवसांत निघून आलेले थर घरोघरी दिसतात. त्यात दोष बहुतेक वेळा मालाचा नसतो, खाली राहिलेल्या गंजाचा असतो.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात हा त्रास जास्त. कुलरमधलं पाणी उडून जातं, क्षार मात्र टाकीतच राहतात आणि रोजच्या भरण्याने वाढत जातात. आधी जस्ताचा मुलामा जातो, मग कोपऱ्यातून आणि तळाच्या जोडावरून पत्रा खायला लागतो. ताटीचा, म्हणजे कुलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या थराचा, भुसा गळून जिथे साचतो तिथेही तेच. त्या पांढऱ्या खरपुडीवर एम-सील दाबलं तर ते पत्र्याला नाही, खरपुडीला चिकटतं आणि तिच्यासकट सुटतं.

कामाआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून काढा. टाकी रिकामी करून धुवा आणि दिवसभर उन्हात उलटी ठेवा. भोक सापडत नसेल तर वाळलेल्या टाकीला बाहेरून खडूचा जाड पट्टा ओढून आत थोडं पाणी टाका. खडू जिथे आधी काळपट पडेल तिथे गळती. ही खूण करून टाकी पुन्हा कोरडी करायची. मग भोकाभोवती दोन बोटं रुंद जागा तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची, थेट चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. घासताना भोक मोठं झालं तर घाबरू नका. तो पत्रा गेलेलाच होता, गंजाने धरून ठेवला होता एवढंच. शेवटी थिनरचा फडका फिरवून तेलकटपणा काढा.

पाकिटातल्या दोन्ही कांड्या सारख्याच घ्यायच्या. घट्ट करणारी कांडी (हार्डनर) जास्त घातली की लवकर पक्कं होतं, हा समज चुकीचा आहे. माप चुकलं तर गोळा चिवट राहतो किंवा ठिसूळ होतो. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून मळा, कारण यातल्या रसायनांनी कातडीला खाज सुटू शकते. एकही रेघ वेगळी न दिसता सगळा गोळा एकसारखा राखाडी झाला की मळणं पुरे. एका वेळी सुपारीएवढाच मळा आणि काम सकाळी उरका. मे महिन्याच्या दुपारी गोळा हातातच कडक होऊ लागतो. घट्ट होऊ लागलेला गोळा पाणी लावून पुन्हा मळण्यात अर्थ नाही, तो फेकून द्या.

लावताना आधी थोडा माल भोकातून पलीकडे दाबून घ्यायचा, म्हणजे तो दोन्ही बाजूंनी धरतो. वरचा थर ३ ते ४ मिलिमीटर जाड ठेवून कडा ओल्या बोटाने पत्र्याला मिळवा. उभी कड राहिली की तिथूनच उचलतो. भोक रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं असेल तर नुसतं एम-सील पुरत नाही. पत्र्याचा तुकडा कापून तो या मालाने चिकटवा आणि चारही कडा बंद करा. २४ तास पाणी नको. मग रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, आणि तो वाळल्यावर आतून ब्लॅक जपान या डांबरी काळ्या रंगाचे दोन हात. पुढे आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी केली की क्षारही निघतात आणि डासांच्या अळ्याही.

छताच्या टिनांना मात्र हे लावू नका. टिन दिवसा तापून पसरतं, रात्री आकसतं, आणि दगडासारखा झालेला थर हूकभोवती तडकतो. तिथे नवं डांबरी वायसर घालून नट कसणं हाच इलाज. काळ्या मातीवरच्या घराच्या भिंतीची भेगही पाऊस-उन्हाबरोबर उघडझाप करते, तीही या मालाने धरत नाही. प्लॅस्टिकच्या काळ्या टाकीला त्याची पकडच बसत नाही. नळाच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळा. बोअरच्या लोखंडी पाइपला बारीक छिद्र असेल तर चालतं, पण मोटर बंद करून आणि पाइप कोरडा करून. वाहत्या पाण्यावर साधा प्रकार बसत नाही. गॅसच्या शेगडीला, नळीला किंवा रेग्युलेटरला कधीच नाही.

घेताना पाकिटावरची तारीख बघा आणि वरून अंगठ्याने दाबा. ताज्या कांड्या मऊ दबतात. कडक किंवा भुरभुरीत लागल्या तर दुसरं पाकीट मागा.