मेपलच्या बादल्यांचं किट: दोन सीझन वापरून, वाऱ्यासकट

ऑन्टारिओत लॅनार्क काउंटीत राहतो, घरामागे शुगर मेपलची आठ-दहा मोठी झाडं आहेत, ज्यांच्या खोडातला रस गोळा करून, आटवून मेपल सिरप करतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत इथल्याच एका शेतीसामानाच्या दुकानातून सहा बादल्यांचं किट घेतलं, अ‍ॅल्युमिनियमच्या बादल्या, झाकणं, तोट्या (इकडे स्पाइल म्हणतात), हुक, 7/16 इंची ड्रिल बिट आणि गाळायचं कापड. दोन सीझन झाले म्हणून सविस्तर लिहितोय, कारण घ्यायच्या आधी मी शोधलं तेव्हा सगळे सिरपची चव आणि बादलीची चमक यावरच बोलत होते, वाऱ्याबद्दल कोणी काही सांगत नव्हतं.

आधी चांगलं सांगतो. तोट्या एक नंबर आहेत. खोडात भोक दोन इंचाच्या आत, किंचित वरच्या बाजूला चढतं पाडायचं म्हणजे रस आपोआप बाहेर येतो, तोटी हातोडीने हळू ठोकायची, आवाज बदलला की थांबायचं, जास्त ठोकली तर लाकूड चिरतं आणि रस तोटीच्या बाजूने गळतो. रात्री शून्याच्या खाली आणि दुपारी चार-पाच डिग्री असं हवामान आलं की टप टप सुरू होतं, पहिल्या दिवशी तो आवाज ऐकत मी किती वेळ बर्फात उभा होतो मलाच माहीत नाही.

आता हुक. इथे मार्क कापतोय. बादलीच्या काठाखाली एक भोक आहे, त्यातून तोटीचा हुक घालायचा, बस्स, बाकी कशाचा आधार नाही, आणि हुकाचं तोंड इतकं उघडं की बादली जरा वर उचलली गेली तरी निसटते. भरलेली बादली जागची हलत नाही, आठ लिटर म्हणजे आठ किलो वजन झालं. प्रॉब्लेम रिकाम्या बादलीचा. मार्चमध्ये इकडे पश्चिमेचा वारा सुटला की रिकामी अ‍ॅल्युमिनियमची बादली खोडावर आपटत राहते, झुलते, आणि झुलताना तोटीलाही पीळ देते. पहिल्याच आठवड्यात सकाळी बघतो तर दोन बादल्या कुंपणापाशी, एक झाकण सापडलंच नाही, आणि तिसऱ्या झाडाच्या सालीवर तोटीखालून ओला काळा ओघळ, म्हणजे तोटी सैल होऊन रस बाहेरून वाहतोय. अशा वेळी दुसरं भोक पाडायचा मोह होतो पण पाडू नका, प्रत्येक भोक म्हणजे झाडाला जखम आहे, ती भरून यायला वेळ लागतो. मी तोटी हलकेच परत ठोकून बसवली, बऱ्यापैकी थांबलं.

साधारण चाळीस लिटर रसाला एक लिटर सिरप होतं, म्हणजे आठ लिटर रस सांडला की दोनशे मिलीच्या आसपास सिरप गेलं, आणि त्यासाठी झाडाने दिवसभर दिलेला रस मातीत. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

मग काय केलं ते सांगतो. बंजी कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना हुक असलेली ताणली जाणारी रबरी दोरी. झाडाभोवती आणि बादलीभोवती एकच वेढा, काठाच्या जरा खाली, फार घट्ट नाही नाहीतर अ‍ॅल्युमिनियमला पोचे पडतात. खिळा मात्र अजिबात मारायचा नाही. झाकण तारेच्या बिजागरीवर असल्यामुळे वाऱ्याने फटकन उघडतं आणि पाऊस आत जातो, त्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावून बघितले, जोराच्या वाऱ्यात उडाले, शेवटी ऑफिसातले मोठे काळे बाइंडर क्लिप लावले, ते टिकले. या वर्षी भोकाची जागाही नीट निवडली, वाऱ्याच्या आडोशाची आणि उन्हाची म्हणून आग्नेयेची बाजू, आणि जिथे साल सपाट आहे, बादलीची पाठ खोडाला टेकते अशी. निम्मं काम तिथेच झालं. सकाळी बादलीत बर्फाची चकती असते, ती एरवी काढून टाकतो कारण ते बहुतेक पाणीच असतं, पण वाऱ्याचा अंदाज असला तर आतच ठेवतो, तेवढंच वजन.

लहानपणी रत्नागिरीला माडीवाला माडावर चढून पोयीला (फुलोऱ्याला) मडकं लावताना बघितलाय, दोरीचे वेढे तो किती मन लावून घालायचा ते आता कळतंय.

शेजारचे आजोबा जुन्या जाड गॅल्वनाइज्ड बादल्या वापरतात, त्या जड असल्याने कमी हलतात, पण जुन्या बादल्यांचे सांधे जोडायच्या डागात (सोल्डरमध्ये) शिसं असू शकतं म्हणून मी घेतल्या नाहीत. फारच उघडी जागा असेल तर तोटीला नळी लावून खाली जमिनीवर झाकणाची फूड ग्रेड बादली आणि वर दगड ठेवा, ते दिसायला छान नाही पण उडत नाही.

तोट्यांना 5 पैकी 5, बादल्यांना 4, हुक आणि झाकणाला 2. दुकानात जाऊन सांगितलं, त्यांनी बंद तोंडाचे हुक सुटे मिळतात म्हणून दाखवले, सहा घेतलेत. किट घेणार असाल तर ते हुक त्याच दिवशी घ्या आणि सोबत झाड आणि बादली दोन्हीभोवती पुरतील अशा सहा बंजी कॉर्ड.