क्रोनो ट्रिगर : साडेसहा कोटी वर्षांची मुदत ठेव

ऑडिटचा हंगाम संपला की मी दरवर्षी स्वतःला काहीतरी घेते. कधी साडी, कधी नुसती दोन दिवसांची झोप. यंदा स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर सेल लागला होता, त्यात निम्म्या किमतीत ‘क्रोनो ट्रिगर’ हा स्क्वेअर या जपानी कंपनीचा जुना गेम घेतला आणि दादाला स्क्रीनशॉट पाठवला. पाच मिनिटांत फोन.

“अगं, पैसे जास्त झालेत का? स्क्वेअरचाच घ्यायचा होता तर फायनल फँटसी सहा घ्यायचास.”

“तोही घेतलाय. दोन्ही लागोपाठ खेळणारे. या वेळी निकाल लावूनच टाकू.”

“वीस वर्षं लागला नाही तो आता लागतोय होय!”

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मे महिन्याच्या सुट्टीत मावशीकडे नाशिकरोडला जायचे तेव्हा त्याच्या पेंटियमवर आम्ही हे गेम खेळायचो. मूळचे हे निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्राचे, आपल्याकडे दुकानात ते यंत्रही नव्हतं आणि त्याची कार्ट्रिजंही नव्हती. दादाकडे एक सीडी होती, तिच्यावर एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राचे गेम पीसीवर चालवणारा प्रोग्राम, आणि पन्नासेक गेम. सीडी कुठून आली ते मावशीने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. तेव्हा भारनियमन जोरात होतं. दिवे जायची वेळ वर्तमानपत्रात छापून यायची आणि दिवे मात्र त्याच्या पंधरा मिनिटं आधी जायचे. त्या पंधरा मिनिटांत माझं क्रोनोमधलं झीलचं अख्खं राज्य दोनदा बुडालं. गोष्टीत बुडतं ते वेगळंच, हे सेव्ह न केल्यामुळे बुडालेलं.

तेव्हापासून भांडण एकच. स्क्वेअरचा सगळ्यात चांगला गेम कोणता? दादा म्हणतो सहावा. मी म्हणते क्रोनो. ऑफिसातला आमचा चोवीस वर्षांचा आर्टिकल, म्हणजे सीए व्हायला आलेला उमेदवार, फायनल फँटसी सातव्याचा भक्त आहे. सातवा येईपर्यंत गेम म्हणजे नुसते ठिपके होते, असं तो तोंडावर म्हणतो. त्याच्या बाजूने एवढं मान्य करायला हवं की 1996 मध्ये स्क्वेअरने निन्टेन्डोची साथ सोडून सोनीचा हात धरला तो कार्ट्रिजमध्ये मावणार नाही एवढा गेम करायचा म्हणून, आणि तीन डिस्कचा तो गेम घेऊन हा सगळा प्रकार जपानबाहेर घरोघरी पोचला. स्क्वेअरच्याच झेनोगिअर्स या गेमचे भक्त वेगळेच. दुसऱ्या डिस्कमध्ये नायक खुर्चीत बसून पोथी वाचल्यासारखी पुढची गोष्ट सांगतो, आणि हे लोक त्यालाही खोली म्हणतात. असो.

या सगळ्यांत माझी बाजू मी कधी नीट मांडलीच नव्हती. ‘मला आवडतो’ एवढंच म्हणायचे. आता एकवीस वर्षं सीएच्या ऑफिसात व्हाउचर तपासल्यावर पुन्हा खेळले आणि कळलं, मला हा का आवडतो ते. याचा हिशेब जुळतो.

आधी हा बनवणाऱ्यांबद्दल. 1995 च्या मार्चमध्ये हा जपानमध्ये आला. फायनल फँटसीचे जनक हिरोनोबु साकागुची, ड्रॅगन क्वेस्टचे लेखक युजी होरी आणि ड्रॅगन बॉलचे चित्रकार अकिरा तोरियामा, असे तिघे एका टेबलावर. ड्रॅगन क्वेस्ट तेव्हा एनिक्सचा, म्हणजे समोरच्या पेढीचा. दोन कट्टर पेढ्यांनी एका व्यवहारात भागी करावी तसं हे होतं. स्क्वेअर आणि एनिक्स खरोखर एक झाले ते पुढे 2003 मध्ये. संगीत यासुनोरी मित्सुदाचं. हा पोरगा स्क्वेअरमध्ये गेमचे आवाज करायच्या कामाला होता. एक दिवस त्याने साकागुचींना सांगितलं, मला चाली करायला द्या नाहीतर मी चाललो. दिल्या. मग काम करता करता हार्ड डिस्क उडाली, चाळीसेक अर्धवट चाली गेल्या, पोटात अल्सर झाले, आणि उरलेलं नोबुओ उएमात्सुंनी पुरं केलं. या गेममध्ये काळात मागेपुढे जाता येतं; 600 सालात पहिलं पाऊल टाकल्यावर जंगलाबाहेर जी धून लागते, ती लागली की मी आजही दोन मिनिटं बटण दाबत नाही.

आता ती जत्रा.

गेम सुरू होतो 1000 सालच्या जत्रेत. राज्याला हजार वर्षं झाली म्हणून मेळा भरलाय. तिथे एक मुलगी आपल्याला धडकते, तिचं लॉकेट उडून पडतं. बाजूला टेबलावर कुणाचा तरी डबा आहे, दाबलं बटण की खाल्ला. एका छोट्या मुलीचं मांजर हरवलंय. आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट पुढे नेण्याचे असे गेम, खेळणारा माणूस जे करतो तेच मी पहिल्यांदा केलं. आधी चमकणारी वस्तू उचलली, मग मुलीकडे बघितलं. डबा खाल्ला, कारण त्याने हेल्थ भरते. मांजराच्या भानगडीत पडले नाही.

दोनेक तासांनी ती मुलगी राजकन्या निघते, तिला पळवल्याचा खटला आपल्यावर उभा राहतो, आणि साक्षीदार म्हणून कोण येतं? तो डबेवाला म्हातारा. सरकारी बाजूने विचारतात, धक्का लागल्यावर आधी मुलीला उठवलंस की लॉकेट? मी खुर्चीत ताठ बसले होते. कुठलंही व्हाउचर हरवलेलं नव्हतं. मांजर आणून दिलं असतं तर ती छोटी पोर आपल्या बाजूने बोलायला उभी राहते, तेवढीच काय ती जमेची बाजू. ज्युरीचे एकेक सदस्य चालत येऊन या किंवा त्या बाजूला उभे राहतात ते बघताना माझ्या हाताला घाम आला होता. गंमत म्हणजे निर्दोष ठरलात तरी तुरुंगात जावंच लागतं. गोष्ट त्याने फारशी बदलत नाही. बदलतं ते एवढंच की त्यानंतर कुणाच्याही टेबलावरचा डबा खाताना हात थबकतो.

असे व्यवहार पुढे गेमभर आहेत. 600 सालात काही काळ्या पेट्या आहेत, लॉकेटने उघडणाऱ्या. शहाणा माणूस त्यांना नुसता हात लावतो, उघडत नाही. मग 1000 सालात जाऊन तीच पेटी उघडतो, आतली वस्तू चारशे वर्षांत मुरून जास्त ताकदीची झालेली असते. ती घ्यायची आणि परत 600 सालात जाऊन मूळ वस्तूही काढायची. हे आमच्या ऑफिसात कुणी केलं तर त्याला दोन बिलं एका पावतीवर लावणं म्हणतात. इथे मी ते निर्लज्जपणे प्रत्येक पेटीला केलं.

माझा लाडका व्यवहार मात्र मूनस्टोनचा. हा दगड 6 कोटी 50 लाख वर्षांपूर्वीच्या काळात उन्हात ठेवून यायचा, भविष्यात त्याचा सनस्टोन होतो. एवढी मोठी मुदत ठेव मी दुसरी पाहिली नाही. मधेच, 1000 सालात, तो दगड चोरीला जातो. सापडतो ‘पोर’ नावाच्या गावच्या महापौराकडे, आणि हा इसम इतका चिक्कू की पोटच्या पोरांनाही पैसा सुटत नाही. धमकावून उपयोग नाही, त्याला मारताही येत नाही. उपाय असा : गावातल्या खानावळीत 9,900 ला सुकं मांस मिळतं, ते घ्यायचं, चारशे वर्षं मागे जाऊन त्याच्या खापरखापरपणजीला द्यायचं. ती दहा हजार देऊ करते. शंभर रुपये नफा समोर दिसत असतो. तो सोडायचा. ‘असंच ठेवा हो’ म्हणायचं. ती म्हणते, माझ्या पोरांना मी तुमच्यासारखं द्यायला शिकवीन. परत 1000 सालात यावं तर महापौर दानशूर, घरात पोरं खूश, आणि दगड हातात.

पहिल्यांदा मी तिच्याकडून दहा हजार घेतले होते. शंभरच्या नफ्यासाठी चारशे वर्षांचं घराणं चिक्कूच राहिलं.

रोबोचं जंगल, लुकाच्या आईचा अपघात, बेडूक झालेला सरदार यांच्याबद्दल इथे लिहीत नाही. नव्या माणसाने ते स्वतः बघावं. लुकाच्या प्रसंगात काही सेकंदांत एक शब्द टाइप करायचा असतो, तो त्या घरातलाच आहे, एवढंच सांगते. मला तेव्हा जमला नव्हता. परीक्षेत नापास झाल्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं.

स्टीमवरच्या या आवृत्तीबद्दल थोडं. 2018 च्या फेब्रुवारीत आली तेव्हा तिला जगभर शिव्या पडल्या आणि त्या योग्य होत्या. मोबाइलवरची आवृत्ती उचलून तशीच पीसीवर ठेवली होती, बोटाने दाबायचे मोठाले मेनू, धुरकट केलेली चित्रं, गेमशी न जुळणारी अक्षरं. पुढच्या काही महिन्यांत दुरुस्तीचे पॅच येत गेले. आज घ्याल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स ‘ओरिजिनल’ करा, मगच सुरुवात करा. प्लेस्टेशनच्या आवृत्तीत घातलेली ॲनिमेशनं यात आहेत, छान आहेत, पण मधेच येऊन लय मोडतात. निन्टेन्डो डीएससाठी वाढवलेली लॉस्ट सँक्टम नावाची पुरवणीही आहे. ती सरळ टाळा. वर जा, खाली या, हे आण, ते पोचव. मूळ गेममध्ये एक फेरी वाया जात नाही, आणि त्याच्याच शेपटाला ही सरकारी कचेरी बांधलीय. भाषांतरही नवं आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात फ्रॉग, तो बेडूक झालेला सरदार, ऐतिहासिक नाटकातल्या सरदारासारखा बोलायचा, आता तो साधं बोलतो. मूळ जपानीत तो तसा बोलतच नव्हता म्हणतात, तेव्हा हेच बरोबर असेल. मला जुना सरदार आठवत राहिला.

एकूण लागले चोवीस तास. रोज जेवणं आवरल्यावर पाऊण तास, साधारण महिनाभर. लढायांसाठी वेगळा पडदा येत नाही, शत्रू समोर फिरताना दिसतात, तिथेच लढाई. क्रोनो आणि फ्रॉग दोन बाजूंनी धावत येऊन फुली मारतात ती बघायला मी उगाचच कमजोर प्राण्यांनाही छेडत होते.

मग सहावा. पिक्सेल रीमास्टर ही त्याची नवी आवृत्ती घेतली, त्यात ऑपेराचा प्रवेश खरोखर गायलेल्या आवाजात आहे. दादा म्हणाला होता, “तो प्रवेश बघ आणि मग क्रोनोचं नाव घे.” बघितला. अप्रतिम. 1994 च्या त्या यंत्रावर याची कल्पना तरी कशी केली असेल! पण चौदा पात्रं. जगाचा नाश झाल्यावर दुसऱ्या अर्ध्यात ही माणसं एकेक करून गोळा करायची, आणि ती कुठल्याही क्रमाने सापडू शकतात, म्हणून सापडल्यावर फार बोलत नाहीत. गोगोला कुणी काही विचारत नाही, उमारो तर पोत्यासारखा मागे असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर अर्धी खाती सस्पेन्समध्ये, म्हणजे कुठे टाकायची ते न ठरता, पडून आहेत.

हे सगळं दादाला ऐकवायचं म्हणून लिहून ठेवलं होतं. मग आलं ते बेट.

जग बुडाल्यावर सेलेस, त्या चौदांतली एक, एका बेटावर जागी होते. सोबत आजारी सिड, तिला आजोबांसारखा. त्याला मासे खाऊ घालायचे. समुद्रात काही मासे भराभर पोहतात, काही संथ. लहानपणी मी संथ मासे धरायचे, कारण ते हाताला लागायचे. संथ मासा वाईट असतो, हे कुणी सांगत नाही. सिडची तब्येत आकड्यात कुठे दिसत नाही, पट्टी नाही, टक्के नाहीत. आपण प्रेमाने मासे आणतोय आणि तो त्यानेच जातोय. तेव्हा तो गेला. सेलेस कड्यावर गेली, उडी मारली, वाचली, आणि किनाऱ्यावर एका पाखराच्या अंगाला बांधलेला तिच्या सोबत्याचा, लॉकचा, रुमाल दिसला.

या वेळी मला मासे माहीत होते. चपळ तेवढे धरले, सिड बरा झाला, उठून म्हणाला, खाली तराफा ठेवलाय, जा. मी गेले. कडा नाही, रुमाल नाही. प्रसंग दोन मिनिटांत आटोपला. सगळं बरोबर केलं होतं आणि हातात काही आलं नाही.

रात्री साडेदहाला फोन केला.

“मग? लागला निकाल?”

“क्रोनोच. पण सिडला वाचवलं या वेळी.”

“वाचवलंस?” दादा बँकेत वसुलीला आहे, आवाज कायम तसाच असतो त्याचा. “मी नाही वाचवत. सगळं माहितीये तरी संथच मासे देतो. दर वेळी.”