वहीतल्या नोट्स की माइंड मॅप? एमपीएससीवाल्यांसाठी
मूलभूत हक्क, म्हणजे कलम 12 ते 35, इथे माइंड मॅपच भारी. मधे हक्क लिहायचं अन् फांद्या काढत जायच्या, समता 14 ते 18, स्वातंत्र्य 19 ते 22, शोषणाविरुद्ध 23-24, सगळं एका नजरेत दिसतं. पण पंचायत राजचा विषय घ्या, बलवंतराय मेहता समितीने 1957 ला काय सुचवलं, पंचायतींसाठी 73 वी घटनादुरुस्ती कशाला लागली, ही कारणं फांदीवर मावत नाहीत राव, तिथे नोट्सच, त्याही स्वतःच्या शब्दांत. माझं मत, आधी नोट्स, मॅप रिव्हिजनला. नोट्समध्ये कॉर्नेल पद्धत करून बघा, डावीकडे प्रश्न ठेवून उजवी बाजू झाकायची अन् आठवायचं. मॅपमध्ये हे आपोआप होत नाही, तो कोऱ्या कागदावर न बघता परत काढावा लागतो (रंगीत पेनं नंतर!)