किनाऱ्यावरची प्रतिकृती गाडी: स्पीडस्टर की कोब्रा?

रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात पहिलीच प्रतिकृती स्पोर्ट्स कार घेऊ पाहणाऱ्याने दोन पर्याय पारखावेत: 1954 च्या पोर्शे 356 स्पीडस्टरची प्रतिकृती आणि 1962 च्या एसी कोब्राची. दोन्हींची बॉडी सहसा फायबरग्लासची असल्याने ती गंजत नाही, आणि नेमका इथेच खरेदीदार फसतो, कारण चकचकीत रंगाखालचा सांगाडा लोखंडीच असतो.

स्पीडस्टरची प्रतिकृती बहुधा फोक्सवॅगन बीटलच्या तळावर उभी असते. तिथे बॅटरीखालचा पत्रा आधी कुजतो, पण तो खालून तपासता येतो आणि कापून नवा जोडताही येतो. कोब्राच्या प्रतिकृतीची चासी (गाडीचा खालचा सांगाडा) बहुतेकदा स्टीलच्या नळ्यांची असते. नळीत पाणी शिरले की ती आतून सडत जाते आणि बाहेरून बराच काळ काही दिसत नाही.

बीटलचे इंजिन हवेने थंड होते, त्यामुळे रेडिएटरची कटकटच नाही. कोब्राचे व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन, ताकदवान खरे, परंतु आंबा घाटात ट्रकमागे रांगताना त्याची धग पायांपर्यंत पोहोचते. छप्पर दोन्हींचे नावापुरतेच. जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्येच राहणार.

मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलांत फेरफार करण्यावर मर्यादा घालते, म्हणून नोंदणी प्रमाणपत्रातील चासी क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी जुळवूनच बयाणा द्यावा. पहिल्या खरेदीसाठी मी स्पीडस्टरच सुचवेन; कोब्राच हवी असेल, तर ती पावसाळा सरल्यावर गॅरेजच्या लिफ्टवर चढवून खालून पाहावी.